कुसुमावतींची हिंदी आणि कादंबरीची दाढ

फरीदाबादच्या त्या सेक्टरात ‘कुसुमावती दरेकर कुठं राहतात?’ असं विचारलंत तर लोक तुमच्याकडे नुसते बघत राहतील. पण ‘मेरेको वाली आंटी’ म्हणून बघा! कोपऱ्यावरचा भाजीवाला तराजू खाली ठेवून जिन्यापर्यंत पोचवायला येईल, आणि वाटेत आंटींचे दोन किस्से ऐकवील ते वेगळंच.

जुन्नरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन कुसुमावती इथं आल्या, तेव्हा खंडेराव सरकारी छापखान्यात नवेनवे लागले होते. बाईंची शाळा सातवीपर्यंत, तोंडात मराठी खणखणीत, हिंदीच्या नावानं मात्र आनंद. खंडेरावांनी त्यांना मंत्र दिला, “घाबरायचं नाही. सरळ मराठी बोलायचं आणि शेवटी ‘है’ लावायचं.” त्या एका मंत्रावर बाईंनी चाळीसवर वर्षं दिल्लीच्या अंगणात काढली. दूध आणलं, भांडणं केली, शेजारणींची बाळंतपणं केली. अडलं कुठंच नाही. गंमत मात्र पुष्कळ झाली.

बसमध्ये कंडक्टर ओरडला, “आगे चलो, आगे खाली है!” तर या वाकून सीटखाली बघायला लागल्या. म्हणाल्या, “खाली क्या है? कुछ भी तो नहीं!” अख्खी बस हसली. आणि मुलगा सुधन्वा तिसरीत असताना मास्तरांनी त्याला उन्हात उभं केलं, तेव्हा या पदर खोचून शाळेत गेल्या. “मास्टरजी, मेरे लडके को इतना शिक्षा मत देना. हमारे घर में किसीको इतने शिक्षा का आदत नहीं है.” मास्तर बिचारे हात जोडून म्हणाले, “बहनजी, शिक्षा नहीं चाहिए तो स्कूल क्यों भेजती हो?” पुढं त्या सुधन्वानं पोटभर शिक्षा घेतली, दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीत अधिकारी झाला. तरी आजही घरात कुणी रागावलं की खंडेराव म्हणतात, “बघा, आज शिक्षणाचा दिवस दिसतोय.”

असे किस्से निघाले की सगळे हसतात. कुसुमावतीही हसतात, पण पदर तोंडावर धरून. ही त्यांची लहानपणापासूनची सवय. लोक म्हणतात, जुन्या वळणाची बाई, मर्यादा पाळते. कसली मर्यादा आणि काय! बाईंच्या डाव्या बाजूच्या दाढा किडून काळ्याठिक्कर पडलेल्या, आणि त्या कुणाला दिसू नयेत एवढ्यासाठी पदर. दातांच्या डॉक्टरची पायरी त्या जन्मात कधी चढल्या नव्हत्या. दाढ ठणकली की लवंग धरायची, फारच झालं तर मिठाच्या गुळण्या. एवढ्यावर त्यांनी साठीही ओलांडली.

तर मूळ गोष्ट दाढेची. यांच्या नव्हे, नातीच्या.

कादंबरी ही सुधन्वाची मुलगी. पहिलीतली, बोलायला भिंगरी. घरात मराठी, खाली खेळताना हिंदी, आणि चिडली की दोन्हींची मिसळ. पुढचे दोन दात पडलेले, त्या खिडकीतून सारखी जीभ बाहेर. गेल्या जानेवारीत थंडीमुळे शाळांना सुट्टी लागली होती. कुसुमावती गॅलरीतल्या उन्हात मटार सोलत बसल्या होत्या, आणि ही गाल धरून आली.

“आजी, इथे दुखतंय. बहोत.”

आजीनं तिला मांडीवर आडवं घेतलं, मोबाइलची बॅटरी लावली आणि आत बघितलं. खालच्या डाव्या दाढेत चांगला मुगाएवढा काळा खड्डा.

“अगं बाई! दाढेला कीड लागलीय की.”

कादंबरीनं तोंड मिटलं. मिटलं म्हणजे असं मिटलं, की तिजोरीला कुलूप घालावं तसं. थोड्या वेळानं ओठ जेमतेम हलवत तिनं विचारलं, “आजी, कीड काय खाते?”

“गोड खाते. गोड दिसलं की आलीच समज. आणि मग दाढ पोखरून खाते.” असं म्हणून आजी मटारांकडे वळल्या. पोरीला चांगला धडा दिला, असंच त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सून प्रणिता रजा काढून दोघींना बाजारातल्या दवाखान्यात घेऊन गेली. लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर, नाव डॉ. धवल भाटिया. खंडेराव म्हणाले होते, “नावच धवल. दुसरा कुठला धंदा करणार तो?” दवाखान्याच्या भिंतीवर हसऱ्या दाढेचं चित्र होतं, तिला दोन हात, दोन पाय आणि हातात ब्रश. कुसुमावतींना ते मुळीच पसंत पडलं नाही. “दाढेला हातपाय फुटले तर राहिलं काय,” त्या प्रणिताच्या कानात पुटपुटल्या.

डॉक्टर तरुण, हसतमुख, घाई नसलेले. त्यांनी कापडी मगरीचे दात मोजून दाखवले, छोटा आरसा कादंबरीच्या हातात दिला, खुर्ची वरखाली करून तिला झोका दिला. पोरगी झोका खुशाल घेई, पण “आ करो बेटा” म्हटलं की दातखीळ! प्रणितानं समजावलं, रागावली, फुगा कबूल केला. काही नाही. शेवटी डॉक्टर मायेनं म्हणाले, “डरो मत. कीडा ही तो लगा है. हम निकाल देंगे.”

झालं! ते ऐकताच कादंबरीनं दोन्ही हात तोंडावर दाबले आणि खुर्चीतून खाली उडी मारली.

डॉक्टरांनी मग मोठ्यांकडे चौकशी केली. रात्री दूध पिऊन झोपते का, दात घासते का, आणखी काही त्रास? कुसुमावतींना वाटलं, आपणही काही सांगावं. त्या पुढं सरसावल्या, “डॉक्टर साहब, ये रात को दाँत खाती है.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “दाँत... खाती है?”

“हाँ. रोज. झोप में.”

झोका घेताना कादंबरीच्या तोंडातली खिडकी डॉक्टरांनी पाहिली होती. त्यांनी गंभीर होऊन विचारलं, “अब तक कितने खा चुकी है?”

प्रणितानं कपाळाला हात लावला. “डॉक्टर, पीसती है. नींद में दाँत पीसती है. आई, तुम्ही जरा थांबा ना प्लीज.” डॉक्टर मनापासून हसले, म्हणाले, बरीच मुलं असं करतात, बहुतेकांचं आपोआप जातं. कुसुमावतीही हसल्या, पदर लावून. पण दाढ राहिली ती राहिलीच.

नंतरच्या दिवसांत एक नवल घडलं. कादंबरी दुखतंय म्हणेना. गाल धरी, पण तक्रार नाही. जेवताना मुकाट, बोलताना ओठांच्या फटीतून. एरवी दिवसभर आकाशवाणी चालू असलेली पोर अशी गप्प झाली, की घरातल्या भिंतीही कान देऊन ऐकायला लागल्या. आणि दुसरं नवल म्हणजे फ्रिजवरचा रेवड्यांचा डबा हलका व्हायला लागला. दिल्लीच्या थंडीत रेवडी नाही असं घर नाही, त्यात संक्रांतीचा तिळगूळ संपला की दरेकरांकडे रेवडीवरच भागवतात. प्रणितानं डबा हलवून पाहिला आणि सासूकडे वळली.

“आई, तिला गोड बंद केलंय ना आपण? तुम्ही देताय का?”

“मी? शपथ, नाही! ह्यांना विचार. ह्यांचाच हात पोचतो तिथवर.”

“मला रेवडी चावते का?” खंडेराव कवळीच्या वाटीकडे बोट दाखवत म्हणाले. “माझे दात वाटीत आणि रेवडी डब्यात. उगाच आळ घेऊ नका.”

प्रणितानं डबा खाडकन परत फ्रिजवर ठेवला, आणि त्या आवाजात जे होतं ते कुसुमावतींना कळलं. सुनेला वाटतंय, आजी लाडानं नातीचे दात घालवतेय. ते त्यांच्या मनाला चांगलंच लागलं.

मग एका सकाळी कादंबरी उठली ती गाल सुजवूनच. अंगात थोडी कणकणही होती. सुधन्वा कामासाठी बाहेरगावी, प्रणिताची मीटिंग. तेव्हा आजीच तिला घेऊन ई-रिक्षानं दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी सूज बाहेरूनच चाचपली. तोंड उघडायची तयारी आजही नाही. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला. त्यांनी सूज उतरायचं औषध लिहून दिलं, आणि म्हणाले की दाढेच्या आत पू झालाय, आता टाळून चालणार नाही. औषधानं सूज बसेल, पण मूळ तिथंच राहील. पोरगी अशीच राहिली तर हॉस्पिटलमध्ये दाखल करून जीए देऊन करावं लागेल.

“जीए मतलब?” कुसुमावतींनी बाहेर टेबलाशी बसणाऱ्या बाईला विचारलं.

“सुला के करेंगे, माताजी.”

सुला के! झोपवून म्हणजे भूल! त्या तशाच आत परतल्या आणि डॉक्टरांसमोर हात जोडले. “डॉक्टर साहब, इतनी छोटी बच्ची है. इसको भूल मत देना. मेरेको बहुत डर लगता है. भूल नहीं होनी चाहिए.”

डॉक्टर उठून उभे राहिले. “माताजी, आप बिल्कुल चिंता मत कीजिए. भूल का तो सवाल ही नहीं. हमारे यहाँ कोई भूल नहीं होगी, ये मेरी ज़िम्मेदारी.”

कुसुमावतींचा जीव भांड्यात पडला. घरी येताना त्यांनी ई-रिक्षावाल्यालाही सांगून टाकलं की भूल नहीं देंगे. घरी आल्यावर खंडेरावांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं, फोन करून प्रणिताला सांगितलं. संध्याकाळी प्रणितानं डॉक्टरांना फोन लावला, बराच वेळ बोलली आणि खाली बसली.

“आई, डॉक्टर हॉस्पिटलचंच म्हणतायत. येत्या सोमवारी. भूल देऊनच.”

“अगं, मला स्वतः म्हणाले, भूल का सवाल नहीं!”

“आई... हिंदीत भूल म्हणजे चूक.”

खंडेराव हसायला लागले होते, ते मध्येच थांबले. कुसुमावतींचा चेहरा पाहून कुणालाच हसू येईना. प्रणितानं सांगितलं, घाबरण्यासारखं नाही, अनेक मुलांना देतात, त्याचे वेगळे डॉक्टर असतात. पण हे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, स्वतःलाच सांगितल्यासारखं. कुसुमावतींच्या डोळ्यांसमोर एकच चित्र. एवढीशी पोर, तोंडावर मास्क, आणि हाक मारली तर ओ देत नाही. जी पोर ओ दिल्याशिवाय क्षणभर राहत नाही ती!

औषधानं सूज उतरली, कणकण गेली. सोमवार मात्र जवळ येत चालला.

आणि शनिवारी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना कुसुमावतींना दाराआड कुजबुज ऐकू आली. त्यांनी ओल्या चादरीच्या कडेनं डोकावून पाहिलं. कादंबरी भिंतीला टेकून बसली होती. खिशातून रेवडी काढली, डाव्या गालात सरकवली, आणि गालावर हात ठेवून अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, “ले, खा ले. पेट भर गया? अब सो जा. दाढ मत खा हां. और बाहर मत आना.”

चादर हातातच राहिली. कुसुमावती तिच्यासमोर खाली बसल्या.

“कुणाशी बोलतेस गं राणी?”

कादंबरीनं आधी ओठ मिटले. मग डोळ्यांत पाणी आलं. “किड्याशी.”

“कसल्या किड्याशी?”

“तूच तर म्हणालीस ना! दाढेत आहे तो. डॉक्टर अंकलपण म्हणाले, कीडा लगा है.” हुंदका. “गोड खातो, तूच सांगितलंस. मग मी स्टूलवर चढून रेवडी काढते, त्याला रोज देते, तो मग दाढ नाही खात. देखा, सूजपण गेली.”

“अगं माझे आई! आणि तोंड का उघडत नाहीस?”

“उघडलं तर तो बाहेर येईल. सब लोग देखेंगे. क्लासमध्ये अनुरागच्या डोक्यात उवा होत्या, तर कोणीच त्याच्याजवळ नाही बसायचं.”

बघा, एवढंसं कारण! घरानं, दवाखान्यानं, सगळ्यांनी मिळून डोकं फोडून घेतलं, आणि पोर आपली एकटीच दाढेतला पाहुणा सांभाळत बसलेली. कीड हा शब्द आपला, जुना. आपण तो म्हणतो आणि पुढं जातो. पण दिल्लीत वाढलेल्या पोरीच्या खिशात तो शब्दच नव्हता. तिला मिळाला तो किडा, सहा पायांचा. वर डॉक्टरांनी हिंदीतून त्यावर शिक्का मारला. चाळीस वर्षं आपल्या हिंदीवर सगळे हसले, आणि आपलं मराठी नातीला कळतं की नाही हे आपणही कधी पाहिलं नाही, असं कुसुमावतींच्या मनात आलं.

“अगं वेडे, कीड म्हणजे किडा नव्हे.”

“मग?”

“कीड म्हणजे... आता बघ, वालाच्या शेंगेला लागते ती कीड. लाकडाला लागते ती कीड.”

“मग तो किडाच ना?”

आजी अडकल्या. शेंगेतला तर खरोखरच किडा! त्या तोंड उघडून काही सांगायला गेल्या आणि तशाच थांबल्या. कारण त्यांना स्वतःलाच आता खात्री वाटेना.

त्याचं असं होतं. कुसुमावती आठ-नऊ वर्षांच्या असताना गावात वैदू आला होता. यांची दाढ ठणकत होती. वैदूनं निखाऱ्यावर काटेरी डोरलीच्या झुडपाच्या बिया टाकल्या, नळीनं त्यांच्या तोंडात धुरी दिली, आणि पाण्याच्या वाटीवर तोंड धरायला लावलं. खोकून खोकून जीव गेला, पण वाटीत बघतात तर पांढरे, बारीक, वळवळल्यासारखे दोन किडे! आईनं वैदूला पायलीभर बाजरी दिली. दाढ पुढं महिनाभर ठणकतच होती हा भाग वेगळा. पण वाटीतलं ते दृश्य काही डोळ्यांपुढून हललं नाही. तोंडावर पदर आला तो त्या दिवसापासून. म्हणजे नातीनं जे आठवडाभर केलं तेच आजी साठ वर्षं करत आल्या होत्या, फक्त रेवडीशिवाय.

“आजी, खरं सांग. आत कोणी नाही ना?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण पोरगी त्यांच्या डोळ्यांत बघत होती. कुसुमावती उठल्या. “चल. बघूनच येऊ.”

चादर तशीच पिळलेली ठेवून त्या नातीला घेऊन निघाल्या. दवाखान्यात शनिवारची गर्दी. आपला नंबर लागेपर्यंत त्या मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. आत गेल्यावर म्हणाल्या, “डॉक्टर साहब, आज आप कुछ मत बोलना. सुनना. ये लडकी समझती है इसके दाढ में जिंदा कीडा है. उसको रोज रेवडी खिलाती है. आदमी जैसे कबूतर पालता है ना, वैसे इसने कीडा पाला है.”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, “और मैंने भी उस दिन कह दिया कि कीडा निकालेंगे.” त्यांनी कोपऱ्यातून पेनासारखा एक कॅमेरा आणला. तो तोंडात धरला की समोरच्या पडद्यावर आतलं सगळं दिसतं. “कादंबरी बेटा, चलो टीवी पे देखते हैं.”

कादंबरीनं मान हलवली. नाही म्हणजे नाही. बघायचं तर आहे, पण तोंड उघडायचं नाही. आता काय करायचं?

कुसुमावतींनी चपला काढल्या. का काढल्या देव जाणे, देवळात शिरल्यासारख्या काढल्या, आणि त्या मोठ्या खुर्चीत जाऊन बसल्या. पाय लांब झाले तशी खुर्चीची मूठ घट्ट धरली.

“पहले मेरेको देखो.”

“माताजी, मैं बच्चों का डॉक्टर हूँ.”

“तो मैं क्या बुड्ढी हूँ? लगाओ वो पेन.”

आणि साठ वर्षं झाकून ठेवलेलं ते तोंड बाईंनी उघडलं. “आ” केलं ते असं, की बाहेरची बाई दार उघडून आत डोकावली. पडद्यावर एकेक दात सरकायला लागला. डॉक्टरांनी कॅमेरा डावीकडे नेला, आणि आली ती दाढ. काळी, खचलेली, मधोमध हा एवढा खड्डा. कुसुमावतींनी डोळे मिटून घेतले होते. मग एकच किलकिला केला.

“कीडा कहाँ है?” कादंबरी पडद्याला नाक लावून शोधत होती. ती इकडून बघे, तिकडून बघे. “अंकल, पीछे दिखाओ. शायद पीछे छुपा है.”

डॉक्टरांनी मागं दाखवलं, खाली दाखवलं, खड्ड्याच्या तळापर्यंत कॅमेरा नेला. कुणी नाही. सहा पाय नाहीत, मिशा नाहीत, काही वळवळत नाही. नुसता खड्डा.

“कोई रहता ही नहीं यहाँ,” कादंबरी जरा निराश होऊन म्हणाली.

“नहीं रहता,” डॉक्टर म्हणाले. “मीठा दाँत पे चिपका रहता है तो दाँत गलने लगता है. बस. आपकी गली में सडक पे गड्ढा है ना? किसीने खाया थोडे ही है.”

कुसुमावतींनी तोंडातला कॅमेरा बाजूला करवला. “और वो जो वाटी में गिरे थे? मैंने आँख से देखे थे. सफेद, दो.” आणि वैदूची सगळी गोष्ट त्यांनी आपल्या हिंदीत सांगितली. निखाऱ्याला ‘निखारा’च म्हणाल्या, डोरलीला ‘डोरली’च. डॉक्टरांनी तरी बरोबर ओळखलं. “माताजी, ऐसा मैंने और लोगों से भी सुना है. बीज गरम होके फटते हैं, उनके अंदर का अंकुर निकलता है, पानी में कीडे जैसा दिखता है. वही होगा. आपके मुँह से नहीं निकला.”

कुसुमावती खुर्चीत तशाच पडून राहिल्या. छातीवरून एक धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना वाटलं. आठ-नऊ वर्षांची एक पोर वाटीकडे बघत थिजून उभी होती, तिलाही कुणीतरी आज सांगितलं की बाई गं, ते तुझ्यातलं नव्हतं.

“आजी, सरक ना!” कादंबरी त्यांचा हात ओढत होती. “मेरा भी देखो. माझा खड्डा बघायचाय मला!”

आणि ती खुर्चीत चढली. मग काय, तोंड असं उघडलं की मिटवायला सांगावं लागलं. पडद्यावर स्वतःची दाढ पाहून ती म्हणाली, “आजीचा खड्डा मोठा आहे,” आणि जिंकल्यासारखी हसली. डॉक्टरांनी विचारलं, आज थोडं काम सुरू करू या का, दाढेला झोपवायचं औषध देऊन? कुसुमावतींनी लगेच बोट उगारलं. “दाढ को सुलाओ. लडकी को मत सुलाओ.”

“जी, सिर्फ दाढ को,” डॉक्टर म्हणाले. आणि मग थांबून, “भूल नहीं दूँगा, माताजी.” त्यांना प्रणितानं अर्थ सांगितला होता तर!

मध्येच तिथून फोन लावून प्रणिताला कळवलं. ती पलीकडे आधी ओरडलीच. मग म्हणाली, “आई, ती खरंच तोंड उघडून बसलीय? व्हिडिओ दाखवा.” दाखवला. पडद्यावर लेकीचा उघडा जबडा, आणि पलीकडे प्रणिता डोळे पुसतेय. रेवड्यांचा उलगडा झाला तेव्हा तर ती एकदम म्हणाली, “आई, सॉरी. मला वाटलं होतं...”

“मला माहीत होतं तुला काय वाटलं होतं,” कुसुमावती म्हणाल्या. “मलाही ह्यांच्याविषयी तेच वाटत होतं. फिट्टंफाट.”

त्या दिवशी डॉक्टरांनी दाढ आतून साफ केली, खराब झालेली नस काढली, औषध भरलं. सुई टोचताना कादंबरीनं आजीचा अंगठा असा पिळला की आजीच कळवळल्या. पण रडली नाही. पुढच्या खेपेला वरून स्टीलची टोपी बसली. डॉक्टर म्हणाले, ही दाढ दुधाची असली तरी तिनं आपली जागा राखून ठेवायला हवी, कादंबरी दहा-अकरा वर्षांची झाली की आपोआप पडेल आणि पक्की येईल. हॉस्पिटलचा सोमवार रद्द झाला. त्या सोमवारी प्रणितानं रजा तेवढी घेतली, आणि मायलेकी दुपारभर पांघरुणात लोळल्या.

टोपी बसली त्या संध्याकाळी कादंबरीचा अर्धा ओठ बधिर होता. घरी येऊन तिनं आजोबांना जबडा उघडून दाखवला. “आबा, बबा! ताँदीता दात!”

“अरे वा! माझे तर रात्री वाटीत असतात, तुझा चांदीचा.” खंडेरावांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि बायकोकडे वळले. “काय मग? डॉक्टरांनी भूल दिली?”

“दिली नाही,” कुसुमावती म्हणाल्या, “आणि केलीही नाही.”

खंडेराव एवढे हसले की त्यांची कवळी निसटून हातात आली. कुसुमावतीही हसल्या. पदराकडे हात गेला होता, पण वाटेतच थांबला. काळ्या दाढा सगळ्या घराला दिसल्या, आणि कुणी काही म्हणालं नाही.

आता मोठ्यांच्या दातांच्या डॉक्टरकडे गुरुवारी कुसुमावतींचा नंबर आहे. डाव्या बाजूच्या दोन काढाव्या लागतील, एक वाचेल म्हणतात. बाई वरवर शूर, पण सकाळपासून मटार सोलताना दाणे सालांत आणि सालं भांड्यात टाकतायत. कादंबरी शेजारी बसून एकेक दाणा वेचून भांड्यात घालतेय.

“आजी, घाबरू नको. मी येईन ना. या वेळी मी तुझा अंगठा नाही पिळणार, तू माझा पिळ.”

“बरं.”

“और मुँह बंद मत करना. आत कोणी नाहीये.”

“माहीत आहे गं.”

“फिर भी,” कादंबरी म्हणाली, मटाराचा दाणा बॅटरीसारखा चिमटीत धरून. “एक बार प्रॅक्टिस. आ कर.”

आणि गॅलरीतल्या उन्हात, खालून भाजीवाला बघत असताना, मेरेको वाल्या आंटींनी मोठ्ठा आ केला.